अर्धा इंच

तारिणी मॅडमनी चोरबाजारातून ब्लाउज आणला,
तीनशेला, गाठोड्याच्या तळातून,
आणि माझ्या टेबलावर पसरून म्हणाल्या,
"मास्टर, हळू उसवा. कट मिळाला पाहिजे."

काळा घोड्याच्या स्टुडिओत एसी इतका
की बोटं खडूसारखी होतात.
ब्लेड लावलं. बाही सुटली, मग बगल,
आणि बगलेच्या दाबात लाल दोऱ्याची गाठ,
तिळाएवढी.

गाठ ओळखीची.
ठाकूरद्वारला, जिन्याखालच्या दुकानात
अण्णा प्रत्येक ब्लाउजच्या बगलेत ती मारायचे.
सही करावी तर जिथे कुणी बघत नाही तिथे,
म्हणायचे, आणि दाताने दोरा तोडायचे.

उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच चढा.
मॅडम खूश.
"बघा, किती धीट होते हे लोक!
त्या काळात असिमेट्री!"

धीट कसले.
ब्लाउज कुंदा विजयकरचा.
बॅलार्ड पिअरला, जहाज कंपनीत, बावीस वर्षं
मान कलती करून खांद्यात फोन दाबून धरायचा
आणि दोन्ही हातांनी टाइप करायचं
कुठलं जहाज कुठल्या बंदराबाहेर खोळंबलंय.
खांदा तसाच राहून गेला, वर.
अण्णांनी टेप लावला, बोलले काहीच नाहीत,
वहीत लिहिलं, उ. खां. ०॥
मी टाचण्यांची डबी धरून उभा.
आठ दिवसांनी ती आरशापुढे वळली, पुन्हा वळली,
कुठे एक सुरकुती नाही.

हे मॅडमना सांगणार होतो.
पण त्या फोनवर होत्या,
कानात पांढरं बटण, दोन्ही खांदे सरळ.

मग तो शो.
दिव्यांच्या पट्टीवरून अठरा मुली,
अठरा उजवे खांदे चढे,
जणू सगळ्यांना एकदमच
कुणीतरी ट्रंककॉल लावलाय
आणि पलीकडून कुणी बोलत नाहीये.

दिवाळीपर्यंत हिंदमाताला तोच कट
साडेचारशेत, अस्तरासकट.
मॅडमचा वकील आला. म्हणाला, चोरी आहे ही, उघड चोरी.
मला विचारलं, "हा कट पहिल्यांदा कधी काढलात, मास्टर?
तारीख हवी."
मी म्हटलं, कागदावर, की अंगावर?
त्याने पेनाला टोपण लावलं.

आणि खरं सांगायचं तर
अण्णाही काही सोवळे नव्हते.
ऑपेरा हाऊसच्या बाजूला इराण्याकडे बसायचे,
एखादी पारशीण टॅक्सीतून उतरली
की मांडीवर बोटाने तिचा गळा काढायचे.
चहा संपेतो कॉपी तयार.
गिरगावातल्या निम्म्या नवऱ्या मुली
त्या अनोळखी बाईचे गळे घालून बोहल्यावर चढल्या.
मला म्हणायचे, गळा कुणाचाही उचल रे,
खांदा मात्र घालणारीचा घे.

परवा रविवारी, भांडुपला,
शेजारच्या देवळेकरांची सून ब्लाउज घेऊन आली,
हिंदमाताचाच.
"काका, उजवीकडे फुगतोय हो.
काहीतरी चुकलंय त्यांचं."

चुकलं नाही, म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
शिवण उसवली, अर्धा इंच उतरवला.
कापलेली पट्टी फरशीवर पडली,
पॉलिस्टरची, लगेच कुरळी झाली.
सवयीने बगलेत बोट फिरवलं.
गाठ नव्हती. कुठून असणार.

सुईत लाल दोरा ओवला
आणि अडलो. कुणाच्या नावाने मारायची?

ती दारातच उभी.
"झालं का, काका?"
थांब, म्हटलं,
जरा सरळ उभी राहा,
टेप कुठे ठेवलाय बघतो.